बाहेरची जुनी रेप्लिका स्पोर्ट्स कार आणायची असेल तर आधी साल पाहा, मग फोटो

आमच्या वरूडकडे संत्र्याचा आंबिया बहार चांगला गेला की लोकं ट्रॅक्टर बदलतात, बोअर मारतात, पोरीचं लग्न काढतात. आमच्या एका बागायतदार मित्रानं इंग्लंडमधल्या एका कोब्रा रेप्लिकेसाठी, म्हणजे कोब्रा नावाच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नकलेसाठी, १,००० पाउंड अ‍ॅडव्हान्स पाठवला. निळी गाडी, मधून दोन पांढरे पट्टे, बाजूनं निघालेले सायलेन्सर, फोटो पाहूनच माणूस गार. रात्री साडेदहाला मला फोन, "भाऊ, घेतली." सकाळी बंदरातून माल सोडवून देणाऱ्या मुंबईच्या एका क्लिअरिंग एजंटला फोन लावला, त्यानं एवढंच विचारलं की गाडी कोणत्या सालची. आम्ही म्हटलं १९९६. तो म्हणाला, मग नाही येत. झालं. अ‍ॅडव्हान्स परत आला नाही, कारण विकणाऱ्याच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं आणि तो कागद आम्ही पैसे पाठवल्यावर वाचला.

माझं गॅरेज आहे, दिवसभर ट्रॅक्टर, बोलेरो आणि मालाच्या गाड्या. पण जुन्या गाड्यांचा जीव आहे मला, म्हणून त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी ठरवलं की आता हे नीट समजूनच घ्यायचं, आणि दीड-एक वर्ष कागद वाचून, एजंटांना फोन करकरून शेवटी एक जुनी दोन सीटची गाडी आणली, एमजी मिजेट. रेप्लिका नाही आणली, ते का हेच सांगून राहिलो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगणारे भेटतात, आपल्याकडे तालुक्याला कोणी भेटत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी रेप्लिका म्हणजे काय ते. खरी कोब्रा १९६२ ची, इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी बॉडी आणि त्यात अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीनं बसवलेलं फोर्डचं व्ही-८ इंजिन. हजाराच्या आसपासच बनल्या, आता त्यांच्या किमती कोटींत. म्हणून इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका इथं तशीच दिसणारी फायबर बॉडीची गाडी बनवायचा मोठा धंदा आहे. खाली कंपनीनं दिलेली लोखंडी चेसिस, वर फायबर, आणि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन एखाद्या जुन्या गाडीतून काढलेलं, तिला डोनर गाडी म्हणतात. इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा डोनर म्हणजे जग्वार नाहीतर फोर्ड सिएरा, इंजिन रोव्हरचं साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८. पोर्शे ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर, म्हणजे खालच्या पत्र्याच्या तळावर बनते. लोटस सेव्हनसारख्या तर किती निघाल्या, त्यातल्या कॅटरहॅमनं १९७३ मध्ये लोटसकडून हक्कच विकत घेतले म्हणून तिला नुसती नक्कल म्हणता येत नाही. तर अशा गाडीला वयं दोन असतात, डोनर गाडीचं एक आणि ही गाडी जोडली त्या दिवसाचं एक, आणि सगळा घोळ ह्या दोन वयांमध्येच आहे.

आता आपला नियम. भारतात बाहेरून वापरलेली गाडी यायला दोन रस्ते आहेत. एक, गाडी बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली पाहिजे. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, पुढं किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट, आणि उतरणार मुंबई बंदरातच. दुसरा रस्ता व्हिंटेज गाडीचा. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्याच गाड्या ह्या रस्त्यानं यायच्या, २०२५ मध्ये तो नियम बदलला आणि आता पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी येऊ शकते. म्हणजे दरवर्षी एकेक साल पुढं सरकत जाणार. मधल्या वयाच्या गाडीला, ४ वर्षांची असो का ४० वर्षांची, सामान्य माणसासाठी दारच नाही. आणि जुन्या रेप्लिका बहुतेक १९८० ते २०१० ह्या काळातल्या, म्हणजे बरोबर मधल्याच.

कोणी म्हणेल मग ३ वर्षांच्या आतली नवी रेप्लिका घेऊ. कागदावर वय बसेल, पण पुढं अडते. वापरलेली गाडी आल्यावर ती टेस्टिंगला न्यावी लागते, पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडे, आणि ती आपल्या मोटार वाहन नियमांत बसली पाहिजे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आहे. कार्ब्युरेटरवाल्या व्ही-८ चा धूर त्यात कसा बसणार. एका माणसानं शेडमध्ये जोडलेल्या गाडीला इंग्लंडमध्ये आयव्हीए नावाची एकेका गाडीची तपासणी करून नंबर मिळतो, तशी सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे एजंट म्हणाला "होऊन जाईल" तर त्याला सांगा लेखी द्या, कोणत्या नोटिफिकेशनच्या कोणत्या कलमात होते ते लिहून द्या. आम्ही तिघांना असं विचारलं, दोघांचा फोन परत आला नाही आणि तिसऱ्यानं सरळ सांगितलं की नका घेऊ, आणि पुढं आम्ही काम त्यालाच दिलं.

ह्याहून मोठा धोका डोनरच्या सालाचा. इंग्लंडमध्ये जोडलेल्या गाडीला कधी डोनरच्या वयाचा नंबर मिळतो, कधी वय पक्कं कळत नसेल तर क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळतो. अमेरिकेत बीटलवर बनलेल्या स्पीडस्टरच्या कागदावर सर्रास "फोक्सवॅगन, १९६९" लिहिलेलं असतं. मग विकणारा म्हणतो हे पाहा, ५० वर्षांच्या वरची आहे, तुमच्या नियमात बसते. नाही बसत. आपल्या आरटीओच्या व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपातच पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिन ह्यात मोठा बदल केलेला चालत नाही. १९६९ च्या पॅनवर १९९२ ची फायबर बॉडी म्हणजे मूळ रूप कुठून आलं? आणि कस्टमला खोटं किंवा अर्धवट सांगितलं तर १९६२ च्या कस्टम्स अ‍ॅक्टखाली गाडी जप्त होते, वरून दंड. बंदरातले लोकं रोज गाड्या पाहून राहिले, बॉडीवर टिचकी मारली की त्यांना फायबर कळते.

सुटे पार्ट मागवून इथंच जोडू, हापण प्रश्न मला नेहमी येतो. जोडता येईल हो, माझ्या गॅरेजमध्येपण जोडता येईल, पण आरसी कोण देणार? सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलंच आहे की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी केलेली गाडी चालत नाही. म्हणून जुन्या मारुतीवर फायबरची स्पोर्ट्स बॉडी चढवून जे विकतात त्यांच्यापासून लांबच राहा, आरसीवर मारुती आणि रस्त्यावर फेरारी असं असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला पहिले तेच काढेल.

मग आपल्यासारख्यानं करावं काय? माझं प्रामाणिक मत सांगतो. मोठ्या नावाच्या नकलेपेक्षा छोट्या नावाची असली गाडी घ्या. एमजी मिजेट, एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, ह्या १९६० च्या दशकात सुरू झाल्या आणि १९८० च्या आसपासपर्यंत बनल्या, लाखांनी बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये अजून ढिगानं आहेत आणि चांगली मिजेट चांगल्या कोब्रा रेप्लिकेच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. उजव्या स्टिअरिंगची असते. पार्ट नवीन बनून मिळतात, अगदी दाराच्या रबरापर्यंत. आणि १९७५ च्या आतली शोधली तर व्हिंटेजच्या दारात सरळ उभी राहते. मित्राचा चेहरा पहिले पडला होता, त्याच्या डोक्यात निळी कोब्राच होती, पण मिजेटचा दरवाजा उघडून बसलेल्या त्याच्या इंग्लंडमधल्या पुतण्याचा व्हिडिओ आला तेव्हा तो जे हसला ते मी पाहिलं.

आणि फक्त रेप्लिकाच पाहिजे, दिसायलाच तशी पाहिजे, असं असेल तर आपल्याच देशात बनलेली शोधा. अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनसारखी रोडस्टर बनवली होती, १.८ लिटर इसुझू इंजिनची, आणि गोव्याच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म होती, फायबर बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. कधीमधी विकायला निघतात. तिथं आरसीवर जे नाव तीच गाडी आहे का, चेसिस नंबर जुळतो का, दुसऱ्या आरटीओची एनओसी मिळते का, बँकेचा बोजा उतरला का एवढं पाहिलं की ड्युटीची भानगडच नाही.

पैशाचा हिशेब आता. लोकं गाडीची किंमत गुणिले पाउंडचा भाव एवढंच पाहतात. कस्टम पाहते गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि जहाजाचा विमा, तिन्ही मिळून. समजा ते झाले १० लाख. वापरलेल्या गाडीवर ७० टक्के मूळ ड्युटी आणि ६७.५ टक्के कृषी सेस, मिळून १३७.५ टक्के. म्हणजे १३ लाख ७५ हजार, बेरीज २३ लाख ७५ हजार. त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाडीला ४० टक्के, म्हणजे आणखी साडेनऊ लाख. एकूण ३३ लाख २५ हजार. १० लाखाची गाडी सव्वातेहतीसला दारात, आणि अजून बंदराचा खर्च, एजंट, मुंबईहून आणायचा ट्रक धरला नाही. पेट्रोलची गाडी १२०० सीसीच्या आत आणि लांबीला ४ मीटरच्या आत असेल तर तोच टॅक्स १८ टक्के, मग तीच गाडी २८ लाखाच्या जरा वर बसते. इथं एक बारकी गोष्ट, मिजेटचं १२७५ सीसीचं इंजिन पाऊणशे सीसीनं ह्या रेषेच्या बाहेर जाते, त्याआधीचं १०९८ सीसीवालं मॉडेल आत बसते. आमची १२७५ चीच निघाली, कारण चांगल्या पत्र्याची तीच मिळाली आणि मी म्हटलं टॅक्स एकदा जाईल, गंज रोज खाईल. हे दर बदलत राहतात म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एजंटकडून त्या महिन्याचा पूर्ण हिशेब कागदावर घ्या. बिल कमी दाखवू म्हणणारे भेटतील, ऐकू नका, कस्टम बिल जसंच्या तसं मानेल असं नाही, चार्टर्ड इंजिनिअरकडून किंमत काढायला लावू शकते, आणि इंग्लंडमधल्या जाहिरातीतला भाव तर फोनवर कोणालाही दिसते.

आता गाडी पाहणं, हे माझं आवडीचं काम. आपण इथं आणि गाडी तिथं, म्हणून तिथलं कोणी विश्वासाचं पाहिजे. मित्राचा पुतण्या तिकडं नोकरीला आहे, पोराला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण सांगितलं ते तसंच करते. मी त्याला म्हटलं होतं, बाप्पा, तू बोलू नको, फक्त कॅमेरा धर आणि मी म्हणतो तिथं बोट लाव. सकाळी इंजिन गार असताना जा, विकणाऱ्याला आधी सांगून ठेव की चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून पाहा, कोमट असेल तर तिथंच समजायचं की काही लपवून राहिला.

मिजेटला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच चेसिस. म्हणून दरवाज्याखालचा जो लांब पट्टा असतो, सिल म्हणतात, तोच तिचा कणा. गंज तिथंच धरते आणि वरून पुट्टी, रंग मारला की फोटोत काही दिसत नाही. ह्याची युक्ती अशी, दरवाजा बंद ठेवायचा, दरवाज्याच्या मागच्या कडेची फट पाहून ठेवायची, मग पुढच्या चाकामागं जॅक लावून हळू उचलायची. फट हलली, आवळली, दरवाजा उघडायला जड झाला, तर सिल आतून संपलेलं. पुतण्यानं पहिली गाडी पाहिली तिचा दरवाजा जॅकवर उघडलाच नाही. "मोठेबाबा, हे अडकून राहिलं ना," असं तो तिकडून म्हणून राहिला आणि विकणारा बाजूला उभा, आम्ही इकडं समजून गेलो. दुसऱ्या गाडीची फट बसल्या जागी होती, त्यानं खिशातलं नाणं फटीत धरून दाखवलं, उचलायच्या आधी जेवढं जात होतं तेवढंच नंतर. मग मागच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला बसतात ती जागा, पायाखालचा पत्रा, डिक्कीतलं कार्पेट उचलून खाली. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे.

कोणाचा पोरगा तिकडंच राहतो आणि त्याला तिथंच ठेवायला, तिथंच चालवायला रेप्लिका घ्यायची असेल, तर त्यात काही वावगं नाही, बिनधास्त घ्या, फक्त पाहायची पद्धत वेगळी. फायबर गंजत नाही म्हणून लोकं बॉडीच पाहत बसतात, गंजते खालची चेसिस. पावडर कोटिंगच्या आत पाणी शिरलं की वरून चकाचक आणि आतून भुसा, म्हणून सस्पेन्शनचे आर्म जिथं चेसिसला बसतात तिथं स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहायचं. बॉडीवर बिजागऱ्यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तिथं ताण येऊन राहिला किंवा धडक बसलेली. वायरिंगमध्ये एक गोष्ट आपल्या मिस्त्रींनापण लक्षात ठेवायची आहे, पत्र्याच्या गाडीत अर्थ बॉडीतून मिळते, फायबरमधून करंट जात नाही, तिथं प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर पाहिजे. इंडिकेटर लावला की हेडलाईट मंद होतो, हॉर्न दाबला की मीटरचा काटा हलतो, असं असेल तर बांधणाऱ्यानं अर्थ नीट दिलेली नाही आणि मग बाकी कामपण तसंच असेल हे धरून चाला. बीटलवरच्या स्पीडस्टरमध्ये पॅन जवळपास फूटभर कापून परत वेल्ड केलेला असतो, ते वेल्डिंग सीटखालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बीटलच्या इंजिनची मागची क्रँकची पुली हातानं पुढं-मागं ओढून पाहा, नवीन इंजिनला त्यात एक मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या भागाएवढीच ढील असते, हाताला ठक-ठक जाणवली तर इंजिन उघडायचं आलं. बांधताना काढलेले फोटो, पार्टांची बिलं, कोणत्या वर्षी कोणी बांधली ती फाईल, हे ज्याच्याजवळ आहे त्याची गाडी दोन पैसे महाग असली तरी घ्यावी.

परत मिजेटवर येतो. कागदात सगळ्यात आधी तिथलं नोंदणीपत्र, त्याला व्ही५सी म्हणतात, त्यावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, आणि आपला ५० वर्षांचा हिशेब तिथूनच. चेसिस नंबरच्या प्लेटचा फोटो आणि व्ही५सी वरचा नंबर अक्षर अन् अक्षर जुळला पाहिजे, इंजिन नंबरपण. इंग्लंडमध्ये गेडन इथं ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, ते एमजी, ट्रायम्फ अशा गाड्यांचं हेरिटेज सर्टिफिकेट देतात, कारखान्याच्या जुन्या रजिस्टरमधून काढून, गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची होती, इंजिन नंबर काय होता. हे सर्टिफिकेट पैसे भरून मिळते आणि माझ्या मते गाडी पक्की करण्याआधी काढायचं. आमच्या गाडीवर आज रंग लाल आहे आणि रजिस्टरमध्ये दुसरा निघाला, रंगाचं काही नाही, पण इंजिन नंबर तोच निघाला तेव्हा मित्रानं फोनवरच पेढे कबूल केले. एक सांभाळा, गंजलेल्या गाड्यांवर नवीन बनवलेलं पूर्ण बॉडी शेल चढवलेलं असते. तिकडं त्याला मान आहे, आपल्या मूळ रूपाच्या अटीत ते अडेल. विकणाऱ्याला लेखी विचारा, शेल मूळचं आहे का. तिथली वार्षिक तपासणी, एमओटी, ४० वर्षांवरच्या गाडीला माफ आहे, म्हणून चालू एमओटी नसली तर घाबरायचं नाही, पण नंबर टाकून जुनी एमओटीची नोंद ऑनलाईन फुकट पाहता येते आणि त्यात कोणत्या साली कुठं गंज सापडला होता ते सगळं लिहिलेलं असते. ते वाचाच.

पैसे पाठवणं. तालुक्याच्या बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांना हे काम कधी पडलंच नव्हतं, सकाळपासून बसलो आणि दुपारी कळलं की परदेशी चलनाचं काम करणारी शाखा अमरावतीला. थेट तिथंच जा. बिल, पॅन, आधी एजंटनं दिलेला कागद सोबत न्या. स्वतःच्या वापरासाठी आणत असाल तर आयात-निर्यात कोड लागत नाही, पण बँकेला आणि एजंटला हे आधीच सांगून ठेवा की धंद्यासाठी नाही, नाहीतर फाईल तिथंच पडून राहते. गाडी आल्यावर बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडं भरलेल्या आयातीच्या कागदाची, कॉपी बँकेला द्यावी लागते, ती विसरू नका. पुतण्याच्या खात्यातून परस्पर देऊ, मग आपण पाहून घेऊ, असं करू नका. पैसा कोणी दिला आणि गाडी कोणाच्या नावानं आली ह्याची जोडणी कागदावर सरळ दिसली पाहिजे.

तिथून निघताना विकणाऱ्यानं गाडी कायमची देशाबाहेर चालली हे तिथल्या डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याला, कळवायचं असते, त्याची कॉपी आपल्या फाईलला लावा. गाडी खालून प्रेशरनं धुवून घ्या, माती राहू देऊ नका, पेट्रोल टाकीत नावापुरतं, बॅटरीची वायर काढलेली, आणि डिक्कीत काहीच नाही. पुतण्यानं प्रेमानं काकूसाठी घेतलेलं सामान डिक्कीत ठेवायचं म्हटलं, मी नाही म्हटलं, पॅकिंग लिस्टमध्ये नसलेली एक पिशवीपण बंदरात आठवडा खाते. छोट्या गाडीला २० फुटी कंटेनर पुरतो. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्राकडं गडबड झाली तेव्हापासून पुष्कळ जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात, म्हणून एजंटनं सांगितलेल्या तारखेवर मुंबईला जायचं तिकीट काढू नका. उलट कागद जहाजाच्या आधी तयार ठेवा, कारण कंटेनर उतरल्यावर फुकटचे दिवस मोजकेच असतात, त्यानंतर रोजचं भाडं चालू होते आणि ते कोणाच्या चुकीनं झालं हे कोणी पाहत नाही. आमचा एक कागद, पहिल्या नोंदणीच्या तारखेचा, परत मागितला गेला आणि त्यात दिवस गेले. मूळ व्ही५सी ची रंगीत कॉपी आधीच दोन-तीन करून ठेवा एवढंच सांगतो.

मुंबईहून ती स्वतः चालवत आणायची नाही, नंबर नाही, काही नाही. बंद ट्रकनं किंवा फ्लॅटबेडनं. चार चाकं पट्ट्यानं बांधायची, बॉडी नाही.

आरटीओचं. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झाली. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी. फॉर्म २०, इन्शुरन्स, आणि बाहेरून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. नंबरात व्हीए अक्षरं येतात, म्हणजे आपल्याकडे एमएच व्हीए. अर्ज परिवहन पोर्टलवर जातो आणि राज्याची समिती गाडी तपासते. आणि ही गोष्ट आधीच घरच्यांना सांगा, ह्या नंबरावर रोजच्या कामाला गाडी फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथं जाणं-येणं, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. पोराला कॉलेजला न्यायची, लग्नात भाड्यानं द्यायची असा बेत असेल तर राहू द्या. पुढं विकून पैसे काढू हा विचारपण डोक्यातून काढूनच हात घाला. आमची फाईल सध्या तिथंच आहे.

तोपर्यंत गाडी मित्राच्या वावरातल्या पक्क्या कोठ्यात उभी आहे, बैलं दुसरीकडं हलवली. आपल्या हवेत ह्या गाड्यांना तीन गोष्टी त्रास देतात. पहिली, पेट्रोल. आता सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं मिळते, जुन्या काळच्या रबरी होजला ते खाऊन टाकते, आधी मऊ होतात, मग चिरा पडतात आणि थेंब गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनच्या धुराच्या पायपावर. गाडी यायच्या आधीच इथेनॉल सोसणारा होज मागवून ठेवा, कार्ब्युरेटरची रबरं आणि पंपाचा पडदापण. फायबरची टाकी असेल तर ती बदलूनच टाका. दुसरी, मे महिना. ४५ डिग्रीत इंग्लंडच्या हिशेबानं बनवलेलं रेडिएटर पुरत नाही, पेट्रोल पाईपातच उकळते आणि गाडी गपकन बंद. रेडिएटर आतून साफ करून इलेक्ट्रिक फॅन लावा, पेट्रोलची लाईन मॅनिफोल्डपासून लांब न्या, पण जुना फॅन आणि काढलेला प्रत्येक नट डब्यात जपून ठेवा, समिती मूळचं काय ते विचारेल. तिसरी, उंदीर. सोयाबीन निघालं की ते कोठ्यात शिरतात आणि जुन्या वायरींवरचं कापडी आवरण त्यांना फार आवडते. एक्झॉस्टच्या तोंडात जाळी, बॉनेटखाली दर दोन-चार दिवसांनी टॉर्च मारून पाहायचं. पावसाळ्यात खाली काळ्या मातीचा ओलावा वर येते, म्हणून फरशीवर जाड प्लास्टिक आणि वर लाकडाच्या फळ्या, त्यावर चाकं.

आणि उभ्या गाडीला नुसतं दोन मिनिटं चालू करून बंद करू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी धरते आणि इंजिन ऑईल पातळ होते. आम्ही दर रविवारी सकाळी कोठ्याची दोन्ही दारं उघडी टाकून चालू करतो, चोक हळूहळू आत ढकलायचा, आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून उभं राहायचं. पहिले गारच असतो. दहा-बारा मिनिटांनी एकदम हाताखाली गरम पाणी पळते, थर्मोस्टॅट उघडला, त्यानंतर आणखी पाच मिनिटं, मग बंद.